दुकानात पळतो, ऑफिसात रांगतो: कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ का लावतो?

ठाण्याच्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एका करसल्लागार काकांचं ऑफिस आहे. त्यांचा एक कॉम्प्युटर मी चार महिन्यांत चारदा दुरुस्त केला. खरं सांगायचं तर एकदाच केला: पहिल्या खेपेला अर्धा आणि चौथ्या खेपेला उरलेला अर्धा. मधल्या दोन खेपांत नुसतं पेट्रोल जळलं.

तक्रार दर वेळी तीच. "अरे, बटण दाबल्यावर माझा चहा पिऊन होतो, तरी हा उघडत नाही. त्यात उद्या वीस तारीख!" जीएसटीचं ३बी दर महिन्याला भरणाऱ्यांची मुदत २० तारखेला संपते, त्यामुळे १८ पासून काकांशी जपूनच बोलावं लागतं.

पहिल्या खेपेला फार डोकं चालवावं लागलं नाही. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम आणि आत फिरती हार्ड डिस्क. बटणापासून हातात येईपर्यंत जवळजवळ पाच मिनिटं. ही डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, तो झाला सव्वाचार मिलिसेकंदांच्या आसपास. हेड सरकायचा वेळ त्यावर आणखी. सगळं धरून अशी डिस्क विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचते, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडी म्हणजे चिपांची डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे ही वाट पाहणंच संपतं. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर घेतली, दुकानात चारपाच वेळा चालू-बंद करून पाहिलं: २८ सेकंद. काका खूश, मीही खूश.

(तुमचं विंडोज अजून फिरत्या डिस्कवर असेल तर पुढचं सगळं नंतर वाचा, आधी एसएसडी टाका. "रॅम वाढवून दे" म्हणणारे पुष्कळ येतात, पण ८ जीबी असेल तर चालू होण्याच्या वेळात रॅमने फारसा फरक पडत नाही.)

आठवड्याने फोन. "परत तसाच झाला रे."

गेलो. यंत्र आधीच चालू होतं, काका काहीतरी टाइप करत होते. टास्क मॅनेजर उघडला, आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी झाडली, रीस्टार्ट केला. अर्ध्या मिनिटात वर. काकांनी मान डोलावली. चार दिवसांनी पुन्हा फोन. तिसऱ्या खेपेला मी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, रीस्टार्ट केला, पुन्हा तेच: अर्ध्या मिनिटात वर. आता काकांना माझ्यावर शंका आणि मला काकांवर. "फॉरमॅटच मारून टाक" म्हणाले. मी जवळजवळ मारणारही होतो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा काका बाहेर गेले होते. ऑफिस सकाळी उघडणाऱ्या ताई होत्या. कॉम्प्युटर रोज त्याच चालू करतात आणि मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दादा, ते गोल गोल ठिपके फिरायला लागायच्या आधीच थांबतं हो. कंपनीचं नाव येतं आणि तसंच राहतं. तेवढ्यात मी देवाला उदबत्ती लावून फरशी पुसून घेते. एकदा ठिपके आले की मग पटकन होतं."

ठिपके फिरायला लागतात तेव्हा विंडोजची सुरुवात होते. त्याच्या आधी जे चाललेलं असतं ते बायोसचं, म्हणजे मदरबोर्डमध्येच बसवलेल्या, विंडोजच्या आधी उठणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं. म्हणजे मी दोनदा विंडोजच्या पोटात औषध ओतलं आणि दुखत होतं डोकं.

टास्क मॅनेजर उघडला. विंडोज १० मध्ये त्याच्या स्टार्टअप टॅबवर उजवीकडे वर एक बारीक ओळ असते, 'लास्ट बायोस टाइम'. तिथे आकडा होता ९६.४ सेकंद. याच खिडकीत बसून मी दुसऱ्या खेपेला यादी झाडली होती. तेव्हाही तो आकडा त्याच कोपऱ्यात असणार. मी खाली बघत होतो.

मग टेबलाखाली वाकलो. सीपीयूच्या पुढच्या बाजूला यूएसबीची दोन तोंडं, त्यातलं एक तुटलेलं. चालू असलेल्या तोंडात काकांची बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क, कायमची लावलेली. मागची तोंडं भिंतीला टेकलेली, तिथे हात जात नाही. मी गेलो की काय करायचो? ती डिस्क काढायचो, माझा पेनड्राइव्ह लावायचो, काम करायचो, रीस्टार्ट करून दाखवायचो, आणि निघताना पेनड्राइव्ह काढून डिस्क होती तशी लावून द्यायचो. दुकानात तर फक्त सीपीयू यायचा, डिस्क ऑफिसातच राहायची. रोग मी प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने काढत होतो आणि स्वतःच्याच हाताने परत बसवत होतो.

डिस्क काढून बंद-चालू केला. बायोस टाइम ११.८. पुन्हा लावली: नव्वदच्या वर.

एखादा कॉम्प्युटर तुमच्याकडे "दुरुस्त होऊन पुन्हा तसाच" होत असेल, तर दुरुस्तीच्या वेळी आणि रोजच्या वापरात काय वेगळं असतं ते आधी बघा. प्रिंटर, बाहेरची डिस्क, नेटवर्कची वायर, यूपीएस, एवढंच काय, भिंतीवरचं बटण रात्री बंद होतं का, हेसुद्धा. काहीही उचकटण्याआधी मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि वेळ तीन तुकड्यांत मोजा: बटणापासून ठिपक्यांपर्यंत, ठिपक्यांपासून पासवर्डच्या चौकटीपर्यंत, आणि पासवर्ड टाकल्यापासून एखादी फाइल खरोखर उघडेपर्यंत. मोजणी सकाळची पहिलीच घ्या, रीस्टार्टची नको. तीन दिवस मोजा आणि कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवा. मग एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाला आला ते कधीच कळत नाही. माझ्याकडे पुरावा आहे.

पहिला तुकडा लांबला असेल

तर दोष विंडोजमध्ये नाही. फॉरमॅट मारला तरी वेळ तोच राहील. 'लास्ट बायोस टाइम' काही जुन्या यंत्रांवर दिसतच नाही, तिथे स्टॉपवॉचवर भरवसा ठेवा. दहा-पंधरा सेकंदांच्या आत असेल तर सोडून द्या.

यंत्र पूर्ण बंद करा, कीबोर्ड, माउस आणि पडदा सोडून बाकी सगळं काढा, चालू करा. वेळ कमी झाला तर एकेक वस्तू परत लावत मोजत जा. बायोस सुरू होताना जोडलेलं प्रत्येक यूएसबी उपकरण तपासतो, आणि ज्यावरून बूट होऊ शकेल (म्हणजे कॉम्प्युटर चालू होऊ शकेल) असं काही दिसलं तर ते काय म्हणतंय याची वाट बघतो. धडधाकट पेनड्राइव्ह लगेच उत्तर देतो. मरायला टेकलेली डिस्क देत नाही. कार्ड रीडर आणि मेमरी कार्डची खाच असलेले प्रिंटर हेही बायोसला डिस्कसारखेच दिसू शकतात, त्यामुळे त्यांच्यावरही संशय घ्या.

त्यानंतर बायोसची सेटिंग. बटण दाबल्या दाबल्या डिलीट, एफ२ किंवा एफ१० (कंपनीगणिक वेगळं). बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर आणा, नेटवर्कवरून बूट होण्याची सोय चालू असेल तर बंद करा. घरच्या आणि छोट्या ऑफिसच्या यंत्राला तिचा काही उपयोग नसतो. पण इथे हात घालण्याआधी एक काम विसरू नका: डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. बायोसमधल्या काही बदलांनंतर विंडोज ती ४८ आकडी किल्ली मागतं, आणि ती नसेल तर हळू कॉम्प्युटर परवडला असं म्हणायची वेळ येते.

सेटिंग नीट केली आणि महिन्याभराने पुन्हा बिघडली, तर मदरबोर्डवरचा सेल बघा. सीआर२०३२ नावाचा रुपयाएवढा चपटा सेल असतो, ३ व्होल्टचा. तो संपला की बायोस सगळं विसरून मूळ पदावर येतो आणि बूटचा क्रमही जुनाच होतो. खूण सोपी आहे: घड्याळ मागे पडतं, तारीख भलत्याच वर्षाची दिसते, आणि जीएसटीचं किंवा बँकेचं पोर्टल उघडायला गेलं की ब्राउझर साइट सुरक्षित नसल्याचं बोंबलतो. आपल्याकडे ऑफिस बंद करताना भिंतीवरचं बटणही बंद करायची पद्धत आहे. तेव्हा रात्रभर घड्याळ चालवायचं काम या सेलवरच येतं. नवा सेल दोन वडापावांच्या पैशात मिळतो. बदलताना वायर काढून ठेवा.

दुसरा तुकडा

ठिपके फिरत राहतात आणि पासवर्डची चौकट येत नाही. एसएसडी असूनही असं होत असेल तर माझा पहिला संशय डिस्कवर किंवा तिच्या वायरवर जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती वाचून दाखवतो. फिरत्या डिस्कसाठी यादीतल्या ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघायच्या: खराब होऊन बदललेल्या जागा, खराब व्हायच्या बेतातल्या जागा आणि दुरुस्तच न होणाऱ्या जागा. तिथे शून्याऐवजी वाढत जाणारा आकडा दिसला तर वेग नंतर बघू, आधी डेटा उचला. सी७ ही ओळ मात्र वेगळी आहे. ती वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक असते आणि साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, सैल किंवा खराब असते. पन्नास-शंभराच्या केबलसाठी चांगली डिस्क फेकून देणारे लोक मी पाहिलेत.

पावसाळ्यात ठाण्यात वीज मिचमिचते, हे वेगळं सांगायला नको. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर प्रत्येक मिचमिचीला कॉम्प्युटर धाडकन बंद होतो आणि पुढच्या वेळी चालू होताना डिस्क तपासत बसू शकतो. लोक म्हणतात, "पावसाळ्यात स्लो होतो, दमट हवा." हवा नसते, यूपीएस असतो.

आता फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ही सोय आली, म्हणजे २०१२ पासून. ती चालू असते तेव्हा 'शटडाऊन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. त्याचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तिथूनच उचलतो. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर नव्याने सुरू करतो. नावावरून उलटं वाटतं, पण आहे असंच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे 'अप टाइम' बघा. रोज रात्री बंद करूनही तिथे वीस-बावीस दिवस दिसले तर घाबरू नका, याचमुळे. एखादा ड्रायव्हर (प्रिंटर, आवाज अशा वस्तू चालवणारा छोटा प्रोग्रॅम) बिघडलेल्या अवस्थेतच जपला गेला तर तो रोज सकाळी तसाच परत उठतो. फिरती डिस्क असेल तर ही सोय चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट मारा. एसएसडीवर बंद केली तरी चार-पाच सेकंदांपलीकडे फरक मला तरी दिसलेला नाही. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन केलं तर तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं. बायोसमधलं 'फास्ट बूट' ही वेगळीच गोष्ट आहे, नावावरून गल्लत करू नका.

अंदाज नको, लेखी पुरावा हवा असेल तर विंडोज स्वतःच रोजनिशी लिहीत असतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत आत जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत त्या दिवशी चालू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते असतं. १०१ क्रमांकाच्या नोंदी उशीर करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या, १०२ च्या ड्रायव्हरांच्या, १०३ च्या सर्व्हिसेसच्या. बायोसचा वेळ यात धरलेला नसतो. तिसऱ्या खेपेला मी इथे डोकावलो असतो तर विंडोज निर्दोष आहे हे तेव्हाच कळलं असतं.

तिसरा तुकडा

पासवर्ड टाकला, चित्र दिसलं, पण माउस फिरतो आणि काही उघडत नाही. इथे दोषी शोधायला वेळ लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, स्टार्टअपची यादी बघा, 'हाय' लिहिलेल्यांपासून सुरुवात करा. मीटिंगचे प्रोग्रॅम, गाण्यांचे, प्रिंटरची शाई मोजणारे, एकदाच वापरलेल्या स्कॅनरचे: सगळे 'डिसेबल'. पुसून टाकायचे नाहीत, फक्त आपोआप उठायचे बंद करायचे. ऑफिसात डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा प्रोग्रॅम मात्र राहू द्या. एका सीएच्या ऑफिसात मी तो बंद केला होता; संध्याकाळी सही होईना म्हणून जे काही ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अँटिव्हायरस, आवाज, टचपॅड, मराठी टायपिंगचा कीबोर्ड यांनाही हात लावू नका.

अँटिव्हायरस एकच ठेवा. जुन्याची वर्गणी संपली म्हणून नवा टाकला आणि जुना काढलाच नाही, हे मी निदान महिन्यातून एकदा बघतो. नुसत्या विंडोज डिफेंडरवरही घरगुती काम चालतं.

काही प्रोग्रॅम अपडेट झाले की स्वतःचं नाव यादीत परत घालतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी यादी पुन्हा झाडावी लागते. हा मात्र खरोखरच परत परत येणारा प्रकार आहे. ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी त्याच्या सेटिंगमध्ये असते, तीही काढून घ्या. आणि सी ड्राइव्हमध्ये वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी राहू द्या.

छोट्या ऑफिसांतला एक खास नग म्हणजे मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह. एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर दुसऱ्यावर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. दुसरा आधी चालू केला आणि पहिला अजून बंदच असला, तर दुसरा तो ड्राइव्ह शोधत बसतो आणि फाइल एक्सप्लोरर अडकतो. इलाज फुकट आहे: ज्यावर फोल्डर आहे तो कॉम्प्युटर आधी चालू करायचा. वाशीच्या एका ऑफिसात मी एवढंच एका चिठ्ठीवर लिहून सीपीयूला चिकटवलं आणि फी घेतली. थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण घेतली.

'एका क्लिकमध्ये दसपट वेग' म्हणणारे बूस्टर आणि रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम टाकू नका. ते स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या वाढवून वेग येतो हा व्हिडिओवाल्यांचा लाडका सल्ला; विंडोज मुळातच सगळे कोर वापरतो, ती खूण करून कधीकधी उलट कमीच होतात.

काकांच्या डिस्कचं सांगायचं राहिलं. त्याच दुपारी ती तपासली. सी५ च्या ओळीत बरीच मोठी संख्या होती. म्हणजे गेली कित्येक वर्षं ज्या डिस्कवर ते निर्धास्त बॅकअप ठेवत होते तीच आधी जाणार होती. नवी आणली, जेवढं निघालं तेवढं उतरवलं. दोन जुन्या वर्षांची फोल्डरं निघाली नाहीत. ती सुदैवाने मुख्य कॉम्प्युटरवर होती. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सहाव्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, हेही काकांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "आधी वीस तारीख जाऊ दे."

नवी डिस्क आता संध्याकाळी पाचला लावली जाते आणि सहाला काढून कपाटात जाते. बूटच्या क्रमात विंडोज वर, नेटवर्क बूट बंद. कालनिर्णयच्या मागे ताईंनी स्वतः मोजून लिहिलेले तीन दिवसांचे आकडे आहेत: ३१, ३०, ३१. उदबत्ती लावून होते, फरशी राहते, असं त्या म्हणाल्या.